दोन सायलेन्सरची फटफटी

उधन्यातल्या एका गॅरेजपुढे परवा अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा जुन्या येझदीवर बसला होता. गाडी त्याच्या आजोबांची. बरीच वर्षं गोणपाटाखाली पडून होती, ती आता दुरुस्त होऊन बाहेर आली होती. चावी फिरवली, पेट्रोलचा कॉक उघडला आणि तो उजव्या पायाने किक चाचपडू लागला. उजवीकडे किक नव्हतीच. "काका, किक कुठंय हिची?" आतून मेकॅनिक हात पुसत आला. मूळचा शिरपूरकडचा, चाळीस वर्षं सुरतेत राहिलेला माणूस. त्याने डावीकडची गिअरची दांडी पायाने आत दाबली, मागे उभी फिरवली आणि त्याच दांडीवर किक मारली. दुसऱ्या किकला दोन्ही सायलेन्सरमधून निळसर धूर आला. मग त्याने दांडी पुढे ढकलली आणि तिचा पुन्हा गिअर झाला. मुलगा वाकून ती दांडीच बघत राहिला.

एका लोखंडी दांडीची ही दोन कामं प्रागजवळ ठरली, मुंबईतून म्हैसूरला गेली आणि तिथून आमच्या सुरत-धुळे रस्त्यावर आली. या गाडीवर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. कारण आज ज्याला 'ड्युअल-स्पोर्ट' म्हणतात, म्हणजे डांबरावर नीट पळणारी आणि डांबर संपलं तरी न थांबणारी मोटरसायकल, तशी टू-स्ट्रोक गाडी त्या नावाने आमच्या बाजारात कधी दिसली नाही. पण ते काम मात्र इथे रोज होत होतं. आधी जावा आणि नंतर येझदी नावाच्या गाडीवर, आणि तिच्या चुलतभावासारख्या राजदूतवर.

या गाडीचं मूळ एका शस्त्रांच्या कारखान्यात आहे. फ्रान्तिशेक यानेचेक हा झेक उद्योजक बंदुका आणि हातबाँब बनवायचा. पहिलं महायुद्ध संपून दहा वर्षं झाली तसं शस्त्रांचं काम आटलं. कारखाना चालता ठेवायचा तर दुसरं काहीतरी बनवणं भाग होतं. १९२९ मध्ये त्याने वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटरसायकलचा आराखडा विकत घेतला. रोमन लिपीतल्या यानेचेकमधलं 'Ja' आणि वांडररमधलं 'Wa', असं 'जावा' नाव झालं. (आपल्याकडे कित्येकांना ती इंडोनेशियाच्या जावा बेटावरची गाडी वाटे.) पहिली ५०० सीसीची गाडी जड होती, महाग होती, आणि तेवढ्यात जागतिक मंदी आली. १९३२ मध्ये कारखान्याने इंग्लंडच्या विलियर्स कंपनीचं १७५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन घेऊन स्वस्त गाडी काढली आणि तिने कंपनीला तारलं. जावाचं टू-स्ट्रोकशी नातं जुळलं ते तिथे, गरजेतून.

दुसऱ्या महायुद्धात कारखाना जर्मनांच्या ताब्यात गेला. त्यांच्या डोळ्यांआड तिथल्या अभियंत्यांनी २५० सीसीची एक नवी गाडी आखून ठेवली. यानेचेक १९४१ मध्ये वारला. त्याला ती बाजारात आलेली पाहता आली नाही. १९४६ मध्ये ती पॅरिसच्या प्रदर्शनात आली तेव्हा बघणारे चकित झाले. मागच्या चाकाला स्प्रिंगा होत्या म्हणून लोकांनी तिचं नाव 'पेराक', म्हणजे स्प्रिंगवाली, ठेवलं. गिअरची दांडी हलवली की क्लच आपोआप सुटायचा, हातातला क्लच न दाबताही गिअर पडायचा. १९५४ मध्ये तिच्या पुढच्या पिढीला मागे स्विंग-आर्म आला आणि ती 'कीवाच्का', म्हणजे झुलणारी, झाली. आपल्याकडे आली ती हीच झुलणारी.

या सुखसोयी नुसत्या हौसेच्या नव्हत्या. त्या प्रदेशात दगडी फरसबंदीचे रस्ते, जंगलातल्या पायवाटा आणि हिवाळ्यातला चिखल रोजचाच. शिवाय तिथल्या कारखान्यांना एका स्पर्धेचं वेड होतं. 'आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची ट्रायल' या नावाची ही स्पर्धा १९१३ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाली. सहा दिवस जंगल, नाले, डोंगर आणि मध्ये मध्ये सरकारी रस्ता. त्यामुळे गाडीला दिवा हवा, हॉर्न हवा. वाटेत बिघडली तर स्वारानेच जवळच्या पान्यांनी दुरुस्त करायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. ड्युअल-स्पोर्ट गाडीची परीक्षा याहून चांगली कोणती असेल? झेक संघाने १९४७ मध्ये ही स्पर्धा जिंकली आणि पुढे १९७० ते १९७४ अशी सलग पाच वर्षं जिंकली.

मोटोक्रॉसमध्येही तेच घडलं. जावाची जोडीदार कंपनी सीझेड. तिच्या २५० सीसी टू-स्ट्रोकवर बेल्जियमचा जोएल रोबेर १९६४ मध्ये जगज्जेता झाला, अवघ्या विसाव्या वर्षी. त्या काळच्या सीझेडला एकाच सिलिंडरमधून दोन धुराडी निघायची. उधन्यातल्या त्या मुलाच्या गाडीतून परवा धूर निघाला तोही तसाच, दोन वाटांनी. १९६६ मध्ये पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीडरिख्सने सीझेडवरच ५०० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. मोठ्या गटाच्या जगज्जेतेपदात टू-स्ट्रोकने फोर-स्ट्रोकला हरवलं ते पहिल्यांदाच. दोन वर्षांनी, १९६८ मध्ये, यामाहाने अमेरिकेत डीटी-१ आणली. २४६ सीसी, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, दिव्यासकट, आणि ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायची गरज नाही, पंपच ते पोचवतो. बाकीच्या जपानी कंपन्या मागोमाग आल्या, आणि ड्युअल-स्पोर्ट हा मोटरसायकलचा एक स्वतंत्र प्रकार ठरला तो तिथून.

आपल्याकडे त्याआधीच मुंबईत रुस्तम इराणी जावा आयात करून विकत होते. सुरत-नवसारीच्या वाचकाला पारशी म्हणजे काय ते सांगायला नको. उदवाड्याची आतश इथून जवळच. पण इराणी हे पारश्यांनंतर कित्येक शतकांनी आलेले झरथुष्ट्री. यज़्द, केरमान या भागांतून एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात मुंबईत उतरलेले. त्यांतल्या पुष्कळांनी चहाची हॉटेलं काढली, काही गाड्यांच्या धंद्यात शिरले. पन्नासच्या दशकात सरकारने आयातीवर बंधनं आणली तशी परदेशातून बनून आलेली गाडी विकणं अवघड झालं. इथेच बनवायची हा मार्ग उरला. रुस्तम आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरला यादवगिरीत 'आयडियल जावा' कारखाना उभारला. महाराज जयचामराजेंद्र वाडियार तेव्हा राज्यपाल होते, त्यांचा या कामाला आश्रय मिळाला. १९६१ पासून म्हैसूरच्या जावा रस्त्यावर यायला लागल्या. पुढे झेक कंपनीशी असलेला नावाचा करार संपला, तेव्हा १९७३ मध्ये टाकीवर नवं नाव आलं, येझदी. यज़्दचं. गाडी तीच, कारागीर तेच. ज्या गावाहून पूर्वज आले त्या गावाचं नाव टाकीवर कोरून घेणारा हा कारखानदार मला फार आवडतो.

आता इंजिनाकडे. ही गाडी आमच्या रस्त्यांवर का टिकली याचं उत्तर तिथेच आहे.

फोर-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घ्यायला एक झडप आणि धूर बाहेर टाकायला दुसरी. त्या उघडायला कॅम, कॅम फिरवायला साखळी किंवा गिअर. टू-स्ट्रोकमध्ये यातलं काहीच नसतं. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक, हलणारे मुख्य भाग एवढेच. सिलिंडरच्या भिंतीत भोकं असतात आणि वर-खाली होणारा पिस्टनच त्यांचा दरवाजा. पिस्टन वर जाताना खालच्या बंद क्रँककेसमध्ये पोकळी होते आणि कार्बोरेटरमधून मिश्रण आत ओढलं जातं. स्फोट होऊन पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबलं जातं. अगदी खाली येता येता आधी धुराचं भोक उघडतं, मग मिश्रणाचं. दाबलेलं ताजं मिश्रण वर उसळतं आणि जळका धूर ढकलून बाहेर काढतं. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. फोर-स्ट्रोकमध्ये तो दोन फेऱ्यांना एक. क्रँककेसमधून मिश्रणच जात असल्याने तिथे ऑइल भरून ठेवता येत नाही. म्हणून ते पेट्रोलमध्येच मिसळायचं. पेट्रोल पंपावरचा तो हाताने दाबायचा ऑइलचा पंप आणि 'किती मारू?' हा प्रश्न आमच्या पिढीच्या कानात अजून आहे.

ताजं मिश्रण धुरासोबतच बाहेर पळून जाऊ नये, ही यातली खरी अडचण. सुरुवातीच्या इंजिनांत पिस्टनच्या डोक्यावर उंचवटा ठेवत, म्हणजे मिश्रण त्याला अडून वर वळेल. पण तो उंचवटा तापायचा आणि पिस्टन जड व्हायचा. १९२५ च्या सुमारास आडोल्फ श्न्यूर्ले या जर्मन अभियंत्याने वेगळा विचार केला. मिश्रणाची भोकं तिरकी पाडायची, म्हणजे दोन बाजूंनी आलेले झोत धुराच्या भोकाच्या समोरच्या भिंतीवर आदळतील, तिथून वर चढतील आणि वळसा घेऊन धुराला बाहेर लोटतील. पिस्टनचं डोकं जवळजवळ सपाट ठेवता आलं. पुढे जगभरच्या टू-स्ट्रोक मोटरसायकली याच वळशावर चालल्या, आमची जावासुद्धा.

जावाच्या सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५. धाव व्यासापेक्षा लांब. यामाहाच्या डीटी-१ चं गणित उलटं, व्यास ७० आणि धाव ६४. जपान्यांनी इंजिन जास्त फेऱ्यांवर पळेल असं आखलं, झेकांनी कमी फेऱ्यांवर ओढेल असं. जुन्या २५० जावाची ताकद जेमतेम १२ अश्वशक्ती. १९७८ मध्ये आलेल्या रोडकिंगची १६. कागदावर हे आकडे लहान वाटतात. पण वघईहून आहव्याकडे जाताना, सागाच्या जंगलातल्या ओल्या चढावर, दोन माणसं आणि मागे तांदळाचं अर्धं पोतं घेऊन हीच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धपधपत वर जाते. ॲक्सिलरेटर वाढवावा लागत नाही, मागचं चाक चिखलात गरगरत नाही. चिखलात अश्वशक्तीपेक्षा ही सावकाश ओढ उपयोगी पडते, हे मी स्वतः त्या चढावर अनुभवलं आहे.

दोन सायलेन्सरांनाही कारण आहे. धूर झटकन बाहेर पडायला मोठं भोक हवं. पण एकच रुंद भोक ठेवलं तर पिस्टनची रिंग त्यात फुगून अडकते आणि तुटते. दोन लहान भोकं ठेवून मध्ये भिंत राखली की वाटही मिळते आणि रिंगही वाचते. बदल्यात एका सायलेन्सरचं वजन जास्त वागवायचं. सीझेडने शर्यतीच्या गाड्यांत हे वजन पुढे टाकून दिलं, म्हैसूरने मात्र दोन सायलेन्सर अखेरपर्यंत ठेवले.

माझ्या मते या गाडीतली सर्वांत शहाणपणाची वस्तू म्हणजे चेन झाकणारी पत्र्याची पेटी. दिसायला साधी. पण खानदेशातली काळी माती पावसात चाकाला कशी धरते ते ज्याने पाहिलं आहे त्याला तिचं मोल कळेल. उघड्या चेनवर ती माती बसली की चेन आणि स्प्रॉकेट कानशीसारखे एकमेकांना खातात. जावाची चेन त्या पेटीत ग्रीस खाऊन निवांत फिरायची. मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये माती ठासून चाक जाम व्हायचं, त्यावर मात्र उपाय नव्हता. उतरायचं, काडीने माती काढायची, पुन्हा बसायचं.

सुरतेतले मराठी लोक हा रस्ता चांगला ओळखतात. बारडोली, व्यारा, सोनगढ, मग नवापूर, जिथल्या रेल्वे स्टेशनचा अर्धा फलाट गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात. पुढे विसरवाडी, कोंडाईबारीचा घाट, साक्री, धुळे. लूम आणि कापडाच्या कामासाठी धुळे, जळगाव, नंदुरबारहून आलेली घरं उधना, लिंबायत, डिंडोलीत वसली. सणाला आणि लग्नसराईत गावी जायचं तर रेल्वे होतीच. पण ज्याच्याकडे फटफटी होती तो रस्त्याने जायचा. कारण गाव स्टेशनपासून लांब, आणि शेवटचे दहा-बारा किलोमीटर बैलगाडीच्या चाकोरीतून. गाडी बाजारात सकाळी, शेतात दुपारी. ड्युअल-स्पोर्ट हा शब्द तिथे कोणी ऐकला नव्हता.

या कामात राजदूतचा वाटा मोठा आहे, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून ती बनवली. १७३ सीसी, तीही टू-स्ट्रोक. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन लटकवून खेड्यातून डेअरीपर्यंत रोज पहाटे जाणारी गाडी म्हणजे राजदूत. पोटापाण्याचं काम तिने येझदीपेक्षा जास्त केलं असेल. येझदीवर जीव मात्र जास्त जडला.

दुरुस्ती सोपी होती म्हणून ही गाडी जगली. कार्बोरेटर खोलायला एक स्क्रू-ड्रायव्हर पुरे. पॉइंटमधलं अंतर फिलर गेज नसेल तर कार्डाच्या तुकड्याने जमवायचं. ऑइलची काजळी मात्र पाठ सोडत नाही. धुराच्या भोकात आणि सायलेन्सरच्या जाळीत ती साचत जाते आणि गाडी दम लागल्यासारखी होते. मग हेड उतरवायचं, पिस्टन खाली आणायचा आणि भोकाच्या कडा लाकडाच्या बोथट पट्टीने खरवडायच्या. सायलेन्सरची जाळी ओढून काढायची, रॉकेल शिंपडून पेटवायची. ती लाल होऊन निवली की फरशीवर आपटायची. कोळशाचे पापुद्रे पडतात. उधन्यातला तो मेकॅनिक हे काम करताना मला जवळ बोलवायचा. आधी बंद जाळीची गाडी चालू करून म्हणायचा, "आयक भाऊ, कोठे अडकस ते." जाळी साफ केल्यावर पुन्हा किक मारायचा. आवाज मोकळा झालेला असायचा, आणि तो काही न बोलता माझ्या तोंडाकडे बघायचा.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सुटलं आणि तापीने सुरतेचा मोठा भाग बुडवला. अडाजण, रांदेरच्या सोसायट्यांत तळमजल्यावरच्या गाड्या चिखलात गेल्या. पूर ओसरल्यावर जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांना तुलनेने कमी सोसावं लागलं. प्लग काढायचा, किक मारमारून सिलिंडर आणि क्रँककेसमधलं पाणी बाहेर काढायचं, कार्बोरेटर आणि टाकी धुवायची, गिअरचं ऑइल बदलायचं, पॉइंट वाळवायचे. झडपा नाहीत, कॅम नाही, त्यामुळे गाळ शिरायच्या जागाच कमी.

पण ज्या उघड्या भोकांनी या गाडीला सोपं केलं, त्यांनीच तिला संपवलं. श्न्यूर्लेचा वळसा कितीही चांगला असला तरी धुराचं आणि मिश्रणाचं भोक काही क्षण एकाच वेळी उघडं असतं. त्या क्षणात न जळलेल्या मिश्रणाचा पाव हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, सरळ बाहेर जातो. त्यात ऑइलचा धूर. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, फोर-स्ट्रोक, आणि एका लिटरमध्ये इतकी पळू लागली की येझदीवाल्याने हिशेब करायचंच सोडलं. त्याच सुमारास यामाहाची आरएक्स १०० आणि बजाजची कावासाकी केबी १०० आल्या. याही टू-स्ट्रोक, पण हलक्या आणि चपळ. तरुण पोरं तिकडे वळली. १९९१ मध्ये देशात वाहनांच्या धुराचे पहिले नियम आले, १९९६ मध्ये ते कडक झाले, २००० मध्ये आणखी. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्यामागे केवळ धुराचे नियम नव्हते. मुळात गाडीच तीस वर्षांत फारशी बदलली नव्हती. कारखान्याने इलेक्ट्रॉनिक इग्निशन, नवी मॉडेलं असे प्रयत्न केले, पण तोवर उशीर झाला होता. मला याचं आजही वाईट वाटतं. झेक अभियंते जंगलातल्या शर्यतींत दरवर्षी नवं शिकत होते, त्यातलं थोडं तरी आमच्यापर्यंत यायला हवं होतं.

२०१८ मध्ये जावा नावाच्या नव्या गाड्या आल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये येझदीच्या तीन. त्यांतल्या दोघींची नावंच स्क्रॅम्बलर आणि ॲडव्हेंचर. ३३४ सीसी, फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं इंजिन. या गाड्यांना किक नाही.

परवा गाडी पुन्हा बंद करून त्या मुलाने स्वतः दांडी मागे फिरवून किक मारायचा प्रयत्न केला. पहिल्या चार किका वाया गेल्या, कारण दांडी आत पुरेशी दाबली जात नव्हती. मेकॅनिकने त्याचा बूट धरून टाच नेमकी कुठे ठेवायची ते दाखवलं आणि बाजूला झाला. पाचव्या किकला गाडी सुरू झाली. मुलाने दांडी पुढे ढकलली, क्लचला हात न लावता पहिला गिअर टाकला, आणि गाडी एक छोटासा हिसका देऊन उधना-मगदल्ला रोडकडे निघाली. मेकॅनिक मागून ओरडला, "ऑइल चाळीस मार, लिटरला चाळीस!"